सत्राच्या मध्यावर मुलांचा अभिप्राय कसा घ्यावा, आणि घेतल्यावर त्याचं काय करावं?

अनेरकाठ (प्रश्न)

नमस्कार सर्वांना.

यावल-चोपडा पट्ट्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी एस.वाय.बी.एस्सी.ला भौतिक रसायनशास्त्र शिकवते. पटावर ६८ मुलं-मुली आहेत, थिअरीच्या तासाला हजर असतात ४० ते ४५. निम्म्याहून जास्त जण खेड्यांवरून एस.टी.ने येऊन-जाऊन करतात. सत्राचा चौथा आठवडा संपत आलाय, थर्मोडायनॅमिक्स अर्धं झालंय, पहिली अंतर्गत चाचणी सहाव्या आठवड्यात आहे.

वर्षअखेरीला अभिप्रायाचा जो छापील फॉर्म भरून घेतात, त्याचा या वर्गाला काहीच उपयोग होत नाही. तक्ते तयार होऊन येईपर्यंत ही मुलं पुढच्या वर्गात गेलेली असतात. म्हणून आत्ताच, सत्र चालू असताना विचारायचं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्मची लिंक टाकली तर ६८ पैकी ९ उत्तरं आली, आणि त्यातली ७ ‘मॅडम छान शिकवतात’ किंवा नुसतं ‘गुड’ अशी.

नेमकं विचारते:
१. कोणत्या आठवड्यात घ्यावा? चाचणीआधी की नंतर?
२. कागदावर की मोबाइलवर?
३. काय विचारलं म्हणजे मुलं ‘छान’च्या पुढे जातील?
४. आलेल्या उत्तरांचं पुढे काय करायचं?
५. जी तासाला येतच नाहीत, त्यांचं कसं कळणार?

---

पांझरा

मॅडम, पहिल्या तीन प्रश्नांवर लिहितो. चौथ्यावर गिरणाकाठ सरांनी लिहिलं तर बरं, त्यांचा त्यात हात बसलेला आहे.

सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर पाचवा आठवडा. त्याआधी मुलांजवळ सांगण्यासारखं फार साठलेलं नसतं, आणि आठव्यानंतर घेतलं तर बदल करायला तुमच्याकडे तास उरत नाहीत. चाचणीच्या आधीच घ्या. गुण लागले की पुढचा आठवडाभर मुलं शिकवण्यावर बोलत नाहीत, पेपरवर बोलतात. तुमची चाचणी सहाव्यात आहे, म्हणजे पुढचा आठवडा अगदी बरोबर.

वार निवडताना आपल्याकडचं कॅलेंडर डोळ्यांपुढे ठेवा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशातली कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन. त्या सोमवारी वर्गात कोण असतं? मंगळवारीही निम्मेच. पोळ्याच्या आजूबाजूला तेच. आणि ‘निवांत ऑक्टोबरात घेऊ’ असं म्हणाल तर कापूस वेचणीला लागलेली पोरं तुम्हाला भेटणारच नाहीत. तालुक्याच्या बाजाराचा दिवसही टाळलेला बरा.

तासाची पहिली १० मिनिटं घ्या, शेवटची नाही. शेवटी घेतलं की ज्यांना ठरलेली गाडी गाठायची असते ती ‘सर्व ठीक’ लिहून दप्तर उचलतात. जितकं गाव लांब तितकं उत्तर त्रोटक, आणि अडचण बहुतेक त्यांचीच जास्त असते.

आता कागद की मोबाइल. माझं स्पष्ट मत: कागद. घरी पाठवलेली लिंक राहून जाते, वर्गात हातात दिलेली चिठ्ठी भरून होते. ए-४ कागदाचे चार तुकडे करा, ६८ जणांना १७ कागद पुरतात. मात्र चिठ्ठी कोरी देऊ नका, प्रश्न छापून किंवा झेरॉक्स करूनच द्या. कोरा कागद हातात आला की मुलं सवयीनं वर नाव, वर्ग, रोल नंबर टाकतात, मग खाली काय लिहिणार?

नाव नसलं तरी अक्षर असतं. तुम्ही प्रॅक्टिकलची जर्नलं तपासता, कुणाचं अक्षर कसं हे तुम्हाला ठाऊक, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मुलांनाही ठाऊक. म्हणून चिठ्ठ्या तुम्ही स्वतः उघडू नका. दुसऱ्या विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला सांगा: त्यांनी सगळी उत्तरं टाइप करायची, तुम्हाला फक्त ती यादी द्यायची आणि मूळ चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. हे असं होणार आहे, हे चिठ्ठ्या वाटण्याआधी वर्गात सांगायचं. सांगितलं नाही तर केल्याचा अर्धा उपयोग वाया जातो.

चिठ्ठ्या भरताना तुम्ही वर्गाबाहेर थांबा. दारापाशी खोकं ठेवा, घडी घालून ज्याची त्यानं टाकावी. वर्गप्रतिनिधीला गोळा करायला लावू नका. तो घडी उघडून बघेल ही शंका पुरेशी आहे, प्रत्यक्षात त्यानं बघितलं नाही तरी.

मोबाइलच वापरायचा असेल तर वर्गातच, फळ्यावर क्यूआर लावून, १० मिनिटांत. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा. ‘एकाला एकच उत्तर’ हा पर्यायही बंद ठेवा, कारण त्यासाठी गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. तुम्हाला पत्ता दिसत नसला तरी लॉगिन मागितलं की मुलांचा विश्वास जातो. आणि उत्तरांचा गोषवारा सर्वांना दिसण्याचा पर्याय चुकून चालू राहिला नाही ना, ते बघा. तो चालू असला तर एकाचं उत्तर दुसरा वाचतो.

प्रश्न तीनच ठेवा. चार झाले की चौथ्यापुढे रेघ येते.

‘शिक्षक कसे शिकवतात?’ हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर ‘छान’ हेच असतं. ‘काही सूचना असल्यास लिहा’ हाही टाळा, त्याचं उत्तर ‘नाही’. आपल्या ठरावीक फॉर्ममधल्या ‘शिक्षक वेळेवर येतात व अभ्यासक्रम पूर्ण करतात’ अशा जोडप्रश्नांपासून तर लांबच राहा. वेळेवर येतात पण पूर्ण करत नाहीत, अशा वेळी मुलानं कुठे खूण करायची?

प्रश्न असा पाहिजे की त्याला एका शब्दात उत्तर देताच येणार नाही. ‘गेल्या चार आठवड्यांत शिकवलेलं असं एक काहीतरी लिहा जे अजून नीट कळलेलं नाही. नेमकं कुठे अडतं?’ इथे फरक बघा. ‘थर्मोडायनॅमिक्स कळतं का?’ असं विचारलं तर ‘अवघड जातं’ एवढंच येईल, त्यावर तुम्ही काय करणार? पण ‘नेमकं कुठे’ विचारलं तर एखादी लिहील की पुस्तकात पहिला नियम डेल्टा यू बरोबर क्यू वजा डब्ल्यू असा आहे आणि तुम्ही फळ्यावर क्यू अधिक डब्ल्यू लिहिता. झालं, गाठ सापडली. डब्ल्यू म्हणजे कार्य. जुन्या पुस्तकांत प्रणालीनं केलेलं कार्य धन धरतात. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतानुसार प्रणालीवर केलेलं कार्य धन. दोन्ही बरोबर, पण मुलगी दोन्हींच्या मध्ये अडकून प्रत्येक गणितात चिन्ह चुकवत बसलीय आणि तिला वाटतंय की आपल्याला विषयच जमत नाही. एका तासातली १० मिनिटं दिली की सुटणारी गोष्ट आहे ही.

वेगाबद्दल विचारायचं तर पाच घरं द्या: फार हळू, जरा हळू, ठीक, जरा वेगात, फार वेगात. त्याची सरासरी मात्र काढू नका. २० जण ‘फार हळू’ आणि २० जण ‘फार वेगात’ म्हणाले तरी सरासरी ‘ठीक’ येते, आणि त्या वर्गात ठीक काहीच नसतं. कोणत्या घरात किती खुणा, एवढंच मोजा.

---

तोरणमाळ

पांझरा सरांनी लिहिलंय त्यात भाषेचा मुद्दा जोडतो, कारण आपल्या भागात ‘छान’ येण्याचं निम्मं कारण तिथे आहे.

तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडून येणाऱ्या मुलांच्या घरची बोली पावरी किंवा भिली. जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत अहिराणी. वर्गात पुस्तक इंग्रजी, समजावणं मराठी. या मुलाला तुम्ही ‘अभिप्राय लिहा’ म्हणालात की तो शुद्ध मराठी जुळवायला बसतो, दोन ओळी जुळत नाहीत, मग ‘मॅडम छान शिकवतात’ लिहून मोकळा होतो. त्याला सांगायचं होतं ते राहून जातं. म्हणून चिठ्ठीच्या वरच छापा: ‘मराठी, अहिराणी, पावरी, भिली, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा. शुद्धलेखन बघितलं जाणार नाही.’ आणि ते वाचूनही दाखवा. ‘सर भलता वेगमा शिकाडतस’ किंवा ‘मांगे आयकाले येत नही’ या चार-चार शब्दांच्या ओळींत पानभर ‘गुड’पेक्षा जास्त माहिती असते.

टाइप करणारे सहकारी ती बोली जाणणारे असावेत, आणि त्यांनी ओळ आहे तशीच उतरवावी. प्रमाण मराठीत सुधारून दिली की तिची धार जाते.

दुसरी गोष्ट. घरातलं पहिलंच शिकणारं पोर असेल तर गुरुजींबद्दल वावगं लिहिणं त्याला मर्यादा सोडल्यासारखं वाटतं. तेव्हा प्रश्न माणसाबद्दल नको, तासाबद्दल हवा. ‘शिक्षकांनी काय सुधारावं’ नको. ‘तासात काय वेगळं झालं तर तुम्हाला शिकायला सोपं जाईल’ असं विचारा. ‘तक्रार’ हा शब्द चिठ्ठीवर आणि बोलण्यातही येऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट सवयीची. पहिल्याच चिठ्ठीत मनमोकळं येणार नाही. त्यासाठी दर पंधरवड्याला तासाच्या शेवटी दोन ओळींची छोटी चिठ्ठी घेत जा: आज काय नवीन कळलं, काय कळायचं राहिलं. दोन-तीन मिनिटांचं काम. त्यातल्या एका शंकेपासून पुढचा तास सुरू करायचा. लिहिलेलं वाचलं जातं हे दोनदा दिसलं की मोठी चिठ्ठी आपोआप बोलकी होते. पंधरवड्याच्या या चिठ्ठ्यांत विषयातल्या शंकाच असतात, तेव्हा त्या तुम्ही स्वतः वाचल्या तरी चालतं.

---

गिरणाकाठ

चौथा आणि पाचवा प्रश्न.

आधी पाचवा. तासाला न येणारी मुलं प्रॅक्टिकलला येतात, कारण तिथे जर्नलवर सही लागते. तेव्हा चिठ्ठ्या थिअरीच्या तासाला न घेता त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलच्या सगळ्या बॅचेसमध्ये घ्या, उपकरणं मांडायच्या आधी. ब्युरेट भरून झाल्यावर कागद दिला तर लक्ष ब्युरेटकडेच राहणार. बॅच १५-२० जणांची असते, तेवढ्यात कुणाचं काय हे ओळखू येतं. म्हणून सगळ्या बॅचेसच्या चिठ्ठ्या एकाच खोक्यात मिसळल्याशिवाय उघडायच्या नाहीत. आणि चिठ्ठीवर एक खुणेची ओळ ठेवा: ‘गेल्या दोन आठवड्यांत थिअरीचे साधारण किती तास बसलात: सगळे, निम्म्याहून जास्त, निम्म्याहून कमी.’ यामुळे न येणाऱ्यांचं म्हणणं वेगळं काढता येतं. गाडीची वेळ जुळत नाही, सकाळी शेतात जावं लागतं, की तासाला बसून काही पदरात पडत नाही असं वाटतं, हे तीन अगदी वेगळे प्रश्न आहेत आणि हजेरीपटावर तिन्ही सारखेच दिसतात.

आता चौथा. यादी हातात आली की त्याच दिवशी बसा. ५०-६० चिठ्ठ्यांना पाऊण तास धरा. यादी एकदा नुसती वाचून काढा, पेन हातात न घेता. पहिल्या वाचनात मन नेमकं सर्वांत कडवट ओळीला चिकटतं, आणि ती एकट्याची असते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक ओळीसमोर खूण करा: या आठवड्यात बदलता येईल, पुढच्या सत्रात बदलता येईल, आपल्या हातात नाही. मग सारख्या ओळी एकत्र करून मोजा. सात जणांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर ती पहिली, मग ती कितीही क्षुल्लक दिसो.

क्षुल्लक म्हणजे काय, ते सांगतो. ‘फळ्यावरचं दिसत नाही’ असं आठ-दहा चिठ्ठ्यांत येतं. ते ऐकून माणूस अक्षर मोठं काढायला लागतो, तरी तक्रार जात नाही. कारण बऱ्याचदा अक्षर लहान नसतं. फळ्याचा खालचा फूटभर भाग मागच्या बाकांवरून पुढच्यांच्या डोक्यांआड जातो, आणि समीकरणाची शेवटची ओळ, म्हणजे उत्तर, नेमकं तिथेच येतं. वर्ग रिकामा असताना शेवटच्या बाकावर बसून बघा, पुढच्या बाकांवर बसलेल्या मुलांची डोकी किती उंचीवर येतील याचा अंदाज घ्या, आणि तेवढ्या उंचीवर खडूनं आडवी रेघ मारा. रेघेखाली लिहायचं नाही. ‘ऐकू येत नाही’ याचंही तसंच. आपल्याकडच्या उकाड्यात पंखे पूर्ण वेगात असतात, आणि फळ्याकडे तोंड करून बोललेलं पंख्याच्या घरघरीत विरून जातं. लिहिताना गप्प राहायचं, वळून बोलायचं. याला ना पैसा लागतो ना परवानगी.

एकट्या चिठ्ठीचं काय? बहुतेक वेळा बाजूला ठेवा. अपवाद दोन. एक: कुणाला कमी दिसतं, कमी ऐकू येतं असं सुचवणारी चिठ्ठी. ती एक असली तरी पुरेशी आहे, त्यावर लगेच काही करायचं, पण ‘हे कुणी लिहिलं’ असं न विचारता. सर्वांनाच सांगायचं की पुढच्या बाकावर बसायचं असेल किंवा नोट्स मोठ्या अक्षरात हव्या असतील तर येऊन भेटा. दोन: छळ, धमकी, जातीवरून बोलणं असं काही. ते वर्गात वाचायचं नाही आणि स्वतः चौकशीही करायची नाही. अशी चिठ्ठी फाडायचीही नाही, हे टाइप करणाऱ्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा. लैंगिक छळाचं असेल तर अंतर्गत समिती, बाकीच्यासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांप्रमाणे असलेली विद्यार्थी तक्रार निवारण समिती. या दोन्ही कुठे आहेत, कुणाला भेटायचं, हे चिठ्ठ्या वाटतानाच सांगून ठेवलेलं बरं.

आणि आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते: वर्गाला परत सांगणं. चिठ्ठ्या घेतल्यापासून पुढच्या दोन तासांच्या आत, सहा-सात मिनिटं. तुम्ही काय लिहिलंत ते असं असं आहे, इतक्या जणांनी हे, इतक्यांनी ते. त्यातलं हे आजपासून बदलते. हे बदलता येणार नाही, कारण अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं किंवा वेळापत्रक इतर विभागांशी बांधलेलं आहे. आणि हे तुमच्याकडून हवं आहे. बदल दोनच घ्या. पाच जाहीर केले की तिसऱ्या आठवड्यात एकही उरत नाही आणि मुलं ते बरोबर मोजतात. स्पष्टीकरण देत बसू नका, ‘मी तर रोज विचारते कळलं का’ असं तर मुळीच नको. कडक भाषेतली ओळ वाचून दाखवून वर्गाकडे बघू नका. तुमची नजर कुणाकडे गेली हे ४० जण बघत असतात, आणि पुढच्या वेळी ४० चिठ्ठ्यांवर ‘छान’ येतं.

चिठ्ठ्या घेतल्या आणि परत काहीच सांगितलं नाही, तर न घेतलेल्या बऱ्या. मुलांनी एकदा विश्वास टाकलेला असतो, तो दुसऱ्यांदा टाकत नाहीत.

---

अनेरकाठ

खूप आभार. फळ्याची रेघ उद्याच मारते.

दोन गोष्टी अजून अडतात. एक, भाषेबद्दल उलटसुलट येणार हे आत्ताच दिसतंय: काहींना सगळं मराठीतून हवंय, काहींना इंग्रजीतून. कुणाचं ऐकायचं? दुसरं, आमच्या विभागात दोघं जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहेत. त्यांनाही हे करायचंय, पण चिठ्ठ्या वरून मागितल्या तर पुढच्या वर्षीच्या नेमणुकीवर परिणाम होईल अशी त्यांना धास्ती आहे. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, म्हणून मागितल्या तर नाही कसं म्हणायचं?

---

बोरीकाठ

दुसऱ्याचं उत्तर देते.

नॅकच्या आतापर्यंतच्या चौकटीत पहिल्या निकषाखाली १.४ हा अभिप्रायाचा भाग आहे. तो अभ्यासक्रमावरचा, संस्थेच्या पातळीवरचा: विद्यार्थी, शिक्षक, नियोक्ते, माजी विद्यार्थी यांच्याकडून घेतलेला, त्याचं विश्लेषण आणि त्यावरची कार्यवाही. विद्यार्थी समाधान सर्वेक्षण दुसऱ्या निकषात, तेही वेगळंच. मध्यसत्रातल्या चिठ्ठ्या या दोन्हींपैकी कशातच बसत नाहीत. त्या शिक्षक आणि वर्ग यांच्यातल्या आहेत. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही बिघडतात: मुलं जपून लिहायला लागतात आणि शिक्षक सोपे प्रश्न विचारायला लागतात.

तरी कागद लागणारच असेल तर चिठ्ठ्या देऊ नका, एक पानाची नोंद द्या: तारीख, किती जणांनी उत्तरं दिली, पुढे आलेले मुख्य दोन-तीन मुद्दे, केलेले बदल, वर्गाला सांगितल्याची तारीख. मुलांच्या ओळी त्यात नकोत, आकडे शिक्षकाला गुण दिल्यासारखे नकोत. कार्यवाहीचा पुरावा म्हणून एवढं पुरतं. मूळ चिठ्ठ्या फाडून टाकल्या जातात हे आधीच जाहीर केलेलं असलं की मागणाऱ्याला द्यायला त्या उरतच नाहीत.

सीएचबीवरच्या दोघांची धास्ती खरी आहे, तिला हलकं घेऊ नका. त्यांच्या वर्गाची यादी विभागप्रमुखांनी टाइप करू नये, दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी करावी. आणि शक्य असेल तर विभागप्रमुखांनी आधी स्वतःच्या वर्गात चिठ्ठ्या घ्याव्यात. ज्याची नोकरी पक्की आहे त्यानं पहिलं पाऊल टाकलं पाहिजे.

---

पांझरा

भाषेबद्दल. कोणत्या बाजूला किती मतं हे इथे कामाचं नाही, कुणाला ती भाषा कशासाठी हवी ते बघा. इंग्रजी मागणाऱ्याला बहुधा परीक्षेत लिहायला वाक्य हवं असतं. मराठी मागणाऱ्याला गोष्ट कळायला हवी असते. मग समजावणं मराठीत, फळ्यावरची संज्ञा आणि समीकरण इंग्रजीत, आणि मुद्दा संपला की व्याख्येच्या तीन ओळी इंग्रजीत सावकाश सांगून लिहून घ्यायच्या. दोघांचं भागतं. उलटसुलट उत्तरांत बऱ्याचदा असंच असतं, वरून भांडण दिसतं आणि खाली दोन वेगळ्या गरजा असतात. खरोखरच टक्कर असेल, जसं वेगाच्या बाबतीत, तर कोणत्या घरात किती खुणा आल्या ते वर्गाला दाखवा. ‘मला हळू वाटतं’ म्हणणाऱ्याला कळू द्या की शेजारचे १५ जण धावताहेत. तेवढ्यानं कुरबुर बरीच कमी होते.

चिठ्ठीतून धूसर उत्तरं आली तर पुढची पायरी म्हणून गटचर्चा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी ती बसवली. तुम्ही वर्गाबाहेर, सहकारी वर्गात. पाच-पाच जणांचे गट, प्रत्येक गटाला एक कागद, १० मिनिटं: शिकायला काय उपयोगी पडतंय, काय अडतंय, ते कसं सुटेल. मग गटांचे मुद्दे फळ्यावर, आणि प्रत्येक मुद्द्याला ‘हे किती जणांना पटतं’ म्हणून हात वर. एकूण अर्धा तास. एकट्याची कडवट ओळ इथे आपोआप गळून पडते आणि ‘ते कसं सुटेल’मुळे मुलं उपायही सुचवतात. आपल्याकडे गट करताना एक काळजी घ्या: मुलींचे गट वेगळे ठेवलेत तर त्या जास्त बोलतात, आणि हॉस्टेलची व खेड्यांवरून येणारी मुलं मिसळून बसवा, नाहीतर हॉस्टेलवाल्यांचंच म्हणणं फळ्यावर येतं. चर्चेनंतर फळा पुसायच्या आधी सहकाऱ्यानं मुद्दे उतरवून घ्यायचे, फोटो नको.

त्या सहकाऱ्याबरोबर नंतर २०-२५ मिनिटं बसा. ही पायरी सोडू नका. पीटर कोहेन यांनी १९८० मध्ये या विषयावरचे १७ अभ्यास एकत्र तपासले होते. मधल्या काळातला अभिप्राय नुसता शिक्षकाच्या हातात दिला तर सुधारणा थोडी दिसली, आणि सोबत कुणाशी सल्लामसलत झाली की ती बरीच वाढली. एकट्यानं वाचताना आपण एकतर खचतो, नाहीतर सगळं झटकून टाकतो. समोर कुणी असलं की ‘बरं, यातलं सोमवारपासून काय करता येईल?’ हा प्रश्न निघतो.

---

अनेरकाठ

चिठ्ठी अशी केलीय. छापण्याआधी एकदा नजर टाका.

वर: ‘नाव, रोल नंबर लिहू नका. ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहा. शुद्धलेखन बघितलं जाणार नाही. चिठ्ठ्या दुसऱ्या विभागातले शिक्षक वाचून टाइप करतील, मग फाडून टाकतील.’

खुणेच्या दोन ओळी: थिअरीचे किती तास बसलात (तीन घरं). शिकवण्याचा वेग (पाच घरं).

प्रश्न १: आतापर्यंत शिकवलेलं एक काहीतरी लिहा जे नीट कळलेलं नाही. नेमकं कुठे अडतं?
प्रश्न २: तासातली कोणती गोष्ट तुम्हाला शिकायला उपयोगी पडते?
प्रश्न ३: तासात आणि प्रॅक्टिकलमध्ये काय बदललं तर सोपं जाईल?

बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या बॅचेसला प्रॅक्टिकलच्या आधी घेते. शनिवारी भूगोलाच्या मॅडम टाइप करून देणार, त्यांच्याबरोबर बसायचंही ठरलंय. सोमवारी वर्गाला सांगते.

---

गिरणाकाठ

तीन दुरुस्त्या.

प्रश्न ३ मधलं ‘आणि प्रॅक्टिकलमध्ये’ काढा. जोडप्रश्न झाला तो. चिठ्ठी प्रॅक्टिकलच्या खोलीत भरतायत, तेव्हा सगळे प्रॅक्टिकलबद्दलच लिहितील, काचेची भांडी कमी आहेत वगैरे, आणि थिअरी राहून जाईल. उलट वर ठळक छापा: ‘हे थिअरीच्या तासाबद्दल आहे.’

प्रश्न २ पहिला घ्या. सुरुवातच ‘काय कळलं नाही’नं झाली की ज्याला बरंच कळलेलं नाही तो तिथेच थांबतो. आधी उपयोगी काय ते लिहून हात मोकळा होऊ द्या.

‘शिकवण्याचा वेग’ याऐवजी ‘तासाचा वेग तुम्हाला कसा वाटतो’ असं करा, तोरणमाळ सरांनी सांगितलेल्याच कारणासाठी.

बाकी छापा. १७ कागदांऐवजी १८ काढा, एखादा तुकडा वाकडा कापला जातोच.